प्रताप नगरचा बहुरूपी

१

"बहुरूपी गेला," रुपराव रेवतकर म्हणाला आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसला.

अॅडव्होकेट इंदुताई कोलते दारातच थांबल्या. बाहेर लूना लावून त्या नुकत्याच आत आल्या होत्या. काखेत विक्रीच्या कराराचे कागद होते आणि दुपारी त्यांच्यावर सह्या व्हायच्या होत्या.

"गेला म्हणजे?"

"पुसला ताई कोणीतरी. मशीनमधून साफ पुसला. अन् त्याची प्रत ठेवलेल्या कपाटातल्या टेपाही गायब आहेत."

डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. नागपुरात प्रताप नगरच्या एका बंगल्यात 'वरदा कॉम्प्युटर्स' ही छोटी कंपनी होती. मालक मधुकरराव घाटोळे. कंपनीकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रुपरावने लिहिलेला प्रोग्रॅम, बहुरूपी. एका संगणकाला हा प्रोग्रॅम अनेक सोंगं घ्यायला लावी. चार जण चार पडद्यांसमोर बसले, की प्रत्येकाला वाटे, हे अख्खं मशीन माझं एकट्याचं आहे. एकाची चूक दुसऱ्यापर्यंत पोचत नसे, एकाचं काम दुसऱ्याला दिसत नसे. आणि मशीन तर एकच.

मुंबईच्या 'सिंधुसागर सिस्टिम्स' या भल्यामोठ्या कंपनीने हे पाहिलं आणि सगळी वरदाच विकत घ्यायचं ठरवलं. त्यांच्या संचालिका चारुशीला प्रधान दुपारच्या विमानाने सह्या करायला येणार होत्या.

"पोलिसांना कळवलं?" इंदुताईंनी विचारलं.

"नका हो कळवू!" मधुकरराव आतून जवळजवळ धावतच आले. "पेपरात आलं तर त्या बाई एअरपोर्टवरूनच वापस जातील. इंदुताई, तुम्ही कोर्टात लोकांना बोलतं करता ना? तेच करा इथं. विमान उतरायच्या आत."

"मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही."

"मलेही नाही कळत," मधुकरराव म्हणाले. "पण माणसं कळतात तुमाले."

ते खरं होतं. इंदुताईंनी हयात भाऊबंदकीचे दावे लढवण्यात घालवली होती. त्यांनी आधी कपाट पाहिलं. लोखंडी कपाट, दार नीट लावलेलं, कुलूप शाबूत. किल्ली शेजारच्या खिळ्याला लटकलेली.

म्हणजे चोर बाहेरून आलेला नव्हता. किल्ली कुठे असते हे त्याला माहीत होतं.

२

आदल्या संध्याकाळी मधुकररावांनी मागच्या अंगणात झणझणीत सावजी जेवण ठेवलं होतं. चौघंच होती. मधुकरराव, रुपराव, त्याची सहकारी प्रमोदिनी, आणि सिंधुसागरचे तांत्रिक प्रमुख ताराचंद मोटवानी. बहुरूपीची तपासणी करायला ताराचंद आठवडाभर नागपुरात राहिले होते.

"जेवताना कोण कोण आत गेलं?" इंदुताईंनी विचारलं.

"सगळेच गेले. कोणी हात धुवायले, कोणी पाणी प्यायले. ताराचंदसाहेब मुंबईचा फोन घ्यायले. मी पान आणायले." मधुकरराव थांबले. "अन् रुपराव तर ताटावरून उठूनच गेला."

"का?"

"काय माहीत! त्याचं डोकं कधी फिरेल सांगता येत नाही."

"तुमचं आणि त्याचं पटतं?"

मधुकररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर कंपनीची पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात होतं.

"हे घर माझं, हे मशीन माझ्या हिमतीवर आलं. पण कोणी आलं की पहिले काय विचारते? रुपराव आहेत का? बँकेचा मॅनेजर आला, रुपराव. मुंबईवाले आले, रुपराव. एकदा तर माझ्या बायकोनंच विचारलं, तो नसला तर तुम्ही काय करान?" ते ओशाळून हसले. "जळत नाही म्हटलं तर खोटं होईन. पण आज विकणार असलेली वस्तू मी आजच कशाला पुसू?"

इंदुताईंना ते पटलं. मत्सर कबूल करणाऱ्या माणसाची त्यांना फार भीती वाटत नसे.

"काल जेवताना काही बोलणं झालं?"

"काही विशेष नाही. मुंबईच्या नेमणुकीचं तेवढं सांगितलं मी."

"कुणाच्या?"

"ते प्रमोदिनीलेच विचारा," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी विषय तोडला.

३

ताराचंद मोटवानी मधुकररावांच्या केबिनमध्ये चहा घेत बसले होते. उंची सूट, चकचकीत बूट. हॉटेल सोडून ते सामानासकट आले होते, कारण संध्याकाळच्या विमानाने त्यांना चारुशीलाबाईंबरोबर परतायचं होतं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "एवढं चांगलं काम. पण मॅडम, आता आमची कंपनी काय विकत घेणार? खुर्च्या?"

"रुपराव पुन्हा लिहू शकणार नाही?"

"वर्षं लागतील. आणि माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा तशीच लिहीत नाही."

"तुमच्याकडे कधी असा प्रयत्न झाला नव्हता?"

ताराचंदांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "झाला होता. माझ्याच हाताखाली. मोठी टीम होती."

"जमलं नाही?"

"जमत आलं होतं. तेवढ्यात वरच्या लोकांनी ठरवलं, बनवण्यापेक्षा विकत घेणं बरं. कुणीतरी त्यांना सांगितलं, नागपुरात एक माणूस आहे, त्याने एकट्याने केलंय." 'एकट्याने' हा शब्द त्यांनी हलकेच, खडा बाजूला काढावा तसा उच्चारला. "मग मलाच पाठवलं, बघून या म्हणून."

"कसं वाटलं पाहून?"

"बरं आहे. मी पहिल्याच दिवशी रुपरावांना सांगितलं, मला सोंग दाखवू नका, मूळ मशीन द्या. त्यांनी दिलं. बाजूच्या खोलीत आठवडाभर मी मूळ मशीनवरच बसलो होतो. बाकीची सोंगं बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी. मला ती कशाला?"

"आणि हे कुणी केलं असेल, तुमच्या मते?"

ताराचंदांनी कप खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "मी नाव घेणार नाही. पण काल ताटावरून कोण उठून गेलं, ते विचारा. आणि का गेलं, तेही."

४

प्रमोदिनी तिशीची होती. एम.एस्सी. करून ती वरदात आली तेव्हा तिला बहुरूपीतला एक शब्द समजत नव्हता. आता त्यातला अर्धा भाग तिने लिहिलेला होता. इंदुताईंनी सरळच विचारलं आणि तिनेही सरळ सांगितलं.

"सिंधुसागरचा मुंबईतला नवा विभाग मी सांभाळणार आहे. सर इथेच राहतील, सल्लागार म्हणून."

"रुपरावांना हे कधी कळलं?"

"काल जेवताना. मधुकररावांनी सगळ्यांसमोरच सांगितलं." तिने खाली पाहिलं. "सर काही बोलले नाहीत. उठले आणि नळावर हात धूत राहिले. खूप वेळ."

"तुम्हाला काय वाटलं?"

"आनंद झाला होता. तो त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर लपवावा लागला. मला सगळं त्यांनीच शिकवलंय. चारुशीलाबाईंनी मला निवडलं ते मला इंग्रजीत बोलता येतं, माणसं सांभाळता येतात, म्हणून. पण त्यांना तसं वाटलं नसणार."

मागच्या खोलीतून टकटक आवाज येत होता. इंदुताईंनी डोकावून पाहिलं. एक पोक्त गृहस्थ, गळ्यात मफलर, चष्मा नाकावर ओढून पडद्यासमोर बसले होते आणि एका बोटाने कळा दाबत होते.

"हे कोण?"

"नत्थूजी. कळमेश्वरच्या कारखान्यात असतात. दर मंगळवारी येऊन कामगारांच्या हजेऱ्या भरतात. त्यांचा कारखाना आपल्या मशीनचा वेळ भाड्याने घेतो."

"नमस्कार बाई," नत्थूजी वळले. "पहा ना, मी यष्टीनं धक्के खात येतो, अन् रुपरावसाहेब सकाळी म्हणतात, आज वापस जा. काहून जाऊ म्हटलं? आज हजेरी नाही भरली तर पगार कसा होईन? मी बसलोच."

"मग? काम होतंय?"

"अर्धं झालं. मक्खन चालून राहिलं."

इंदुताई पडद्याकडे पाहत राहिल्या. हिरवी अक्षरं उमटत होती. नावं, आकडे, पुन्हा नावं. मग त्या हळूच प्रमोदिनीकडे वळल्या.

"मला एक अडाणी प्रश्न विचारू द्या. नत्थूजींसमोर आहे ते मशीन खरं, की बहुरूपीने घेतलेलं सोंग?"

प्रमोदिनीने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"आणि बहुरूपी पुसला गेला असता, तर हा पडदा चालला असता?"

"नाही," प्रमोदिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काळा पडला असता."

"म्हणजे बहुरूपी जिवंत आहे. आणि हे तुम्हाला सकाळपासून माहीत आहे."

प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरांना विचारा," ती म्हणाली. "कृपा करून आधी सरांना विचारा."

५

रुपराव मागच्या अंगणात, आदल्या दिवशीच्या चुलीपाशी उकिडवा बसला होता. इंदुताई शेजारच्या दगडावर बसल्या.

"नत्थूजींचं काम छान चाललंय," त्या म्हणाल्या.

त्याने मान वर केली नाही. काडीने राख उकरत म्हणाला, "तो म्हातारा ऐकतच नाही कोणाचं."

"तुम्ही खोटं बोललात, रुपराव."

"बोललो. पण पुसलं मी नाही, ताई. टेपाही नेल्या नाहीत."

"मग झालं काय?"

"ताराचंद आले तेव्हा म्हणाले, मले खरं मशीन द्या. असं बोलले, जसं मी त्यायले खेळणं देऊन राहिलो होतो. मी म्हटलं, घ्या. बाजूच्या खोलीत त्यायले एक सोंगच दिलं. पण त्या सोंगाच्या पोटात बहुरूपीची अजून एक नक्कल ठेवली. पूर्ण, जशीच्या तशी. अन् सांगितलं, हेच मूळ. मले पाहायचं होतं, त्यायले ओळखू येते का." त्याच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "हप्ताभर बसले. नाही आलं."

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"प्रमोदिनीले. मधुभाऊलेही. ते तर चोरून हसत होते. आज सकाळी मी आलो तर त्या खोलीतली नक्कल पुसलेली. कपाट पाहिलं तर टेपा नाहीत. पहिले तर मले हसूच आलं. म्हटलं, पहा, सावलीवर काठी मारून गेला. तेवढ्यात मधुभाऊ धावत आले, काय झालं, काय झालं." त्याने चुलीतला कोळसा पायाने ढकलला. "अन् मले कालचं जेवण आठवलं. मी म्हटलं, गेला. एकच शब्द. तोंडातून निघून गेला."

"तो परत घेता आला असता."

"आला असता. दर घटकेले वाटत होतं, आता सांगू, आता सांगू. पण मग दिसायचं, ती मुंबईले खुर्चीत बसली आहे, अन् लोक तिले विचारून राहिले, हे कसं केलं बाई तुम्ही? मी तिले अक्षर अक्षर शिकवलं, ताई. तिचं भलं व्हावं असंच वाटे मले. काल कळलं की नाही वाटत."

इंदुताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याने स्वतःच नक्कल पुसून हा सगळा बनाव रचला नसेल कशावरून? पण लगेच त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं. ठरवून करणाऱ्याने मंगळवार निवडला नसता. मंगळवारी नत्थूजी येतात आणि मागच्या खोलीतला पडदा चालू राहतो, हे रुपरावइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला सकाळी धांदलीत नत्थूजींना घालवून द्यावं लागलं, आणि तेही जमलं नाही.

फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. चारुशीला प्रधान आल्या होत्या.

"आता?" रुपरावने विचारलं.

"आता मी चोर दाखवते," इंदुताई उठत म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा."

६

चारुशीलाबाई साठीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. मधुकररावांनी अडखळत घडलेलं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकलं आणि ताराचंदांकडे पाहिलं.

"माझी शिफारस स्पष्ट आहे," ताराचंद म्हणाले. "व्यवहार थांबवावा. वस्तूच नाही."

"वस्तू आहे," इंदुताई म्हणाल्या. "मागच्या खोलीत चला."

सगळे मागे गेले. नत्थूजी दचकून उभे राहिले. ताराचंदांनी पडद्याकडे पाहिलं, वाकून पाहिलं, आणि पुढे होऊन स्वतः दोनचार कळा दाबल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे कसं शक्य आहे?" ते पुटपुटले.

"तेच सांगते. या बंगल्यात बहुरूपी दोन होते. एक खरा, आणि एक बाजूच्या खोलीतल्या सोंगात ठेवलेली नक्कल. चोराने नक्कल पुसली. वरदाचे हे तिघे त्या खोलीत बहुरूपी मारायला कधीच गेले नसते, कारण तिथे काय आहे ते तिघांनाही ठाऊक होतं. तिथे मूळ मशीन आहे असं मानणारा माणूस एकच होता. ते त्यांनी आज स्वतः मला सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं."

"हा तर्क झाला," ताराचंद म्हणाले. "पुरावा नाही."

"टेपा आहेत ना. मी वाटणीचे दावे चालवते, ताराचंदजी. रागावलेला भाऊ वस्तू फोडतो. जळणारा भाऊ ती घरी नेतो. या घरातल्या कुणाला त्या टेपांचं काम नव्हतं. पण ज्याला स्वतःला ते जमलं नाही, त्याला आत काय आहे ते वाचायचंच असतं. सहा महिन्यांनी तुमच्या टीमने आपला बहुरूपी पुढे केला असता. तोवर वरदा बुडालेली असती, आणि ओळखायला दुसरी प्रत नसती. तुमचं सामान बाहेर गाडीत आहे."

चारुशीलाबाईंनी हात पुढे केला. ताराचंदांनी बॅगेची किल्ली खिशातून काढली आणि तिच्याकडे पाहत राहिले. मग ती त्यांनी दिली.

मोठ्या चामडी बॅगेत, शर्टांच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेली टेपांची ताटाएवढी दोन रिळं निघाली.

"आठवडाभर, ताराचंद?" चारुशीलाबाईंनी विचारलं. "आणि तुम्हाला ते सोंग आहे हे ओळखता आलं नाही?"

चोरीबद्दल त्यांनी अजून चकार शब्द काढला नव्हता. ताराचंदांना नेमकं तेच झोंबलं.

"नाही आलं," ते म्हणाले. रुपरावकडे पाहणं त्यांनी टाळलं. "मी सगळं करून पाहिलं. कुठे फट नव्हती."

"मग याहून चांगली तपासणी मला कोण करून देणार?" बाईंनी इंदुताईंकडे कागद मागितले. पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. "एक राहिलं. प्रोग्रॅम सकाळपासून जिवंत होता. हे कुणी सांगितलं का नाही?"

मधुकरराव गोंधळून एकेकाकडे पाहू लागले.

"मला माहीत होतं," प्रमोदिनी म्हणाली.

"तिचं नका ऐकू," रुपराव पुढे आला. "मी सांगितलं की गेला. मीच खोटं बोललो. हिले मुंबईची जागा मिळाली ते मले पाहवलं नाही. विक्री मोडली तर तिचीही जागा जाईन, असं वाटलं." तो प्रमोदिनीकडे वळला. "तू काहून गप्प राहिली वं? तुले तर सांगता आलं असतं."

"मी वाट पाहत होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून. दुपार झाली, विमान उतरलं, तरी वाट पाहत होते. मी सांगितलं असतं तर तुम्ही चोर ठरला असता, सर."

रुपराव भिंतीला टेकला. मधुकररावांनी एक खुर्ची ओढून रुपरावच्या मागे ठेवली.

चारुशीलाबाईंनी करारातल्या एका ओळीवर काट मारली. "सल्लागार नाही. ज्याच्या शब्दावर मला विसंबता येत नाही त्याचा सल्ला मी घेऊ शकत नाही. इथल्या कामाची देखभाल करा, वर्षभर, प्रमोदिनीच्या हाताखाली. कबूल?"

रुपरावने प्रमोदिनीकडे पाहिलं. मग त्याने मान हलवली. बाईंनी सही केली.

७

एप्रिलात इंदुताई बंगल्याचा सिंधुसागरशी भाडेकरार करायला आल्या होत्या. कूलरची घरघर चालू होती, वाळ्याचा वास सुटला होता. मधुकरराव कागद शोधायला आत गेले आणि टेबलावरचा फोन वाजला.

रुपरावने उचलला. मुंबईहून प्रमोदिनी होती. ती जोराने बोलत असावी, कारण शब्द शब्द बाहेर ऐकू येत होता. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बहुरूपी बसवला होता, आणि पाचवं सोंग सुरू झालं की सगळी बंद पडत होती. तिची माणसं थकली होती. उद्या चारुशीलाबाई स्वतः पाहायला येणार होत्या.

रुपराव ऐकत होता. इंदुताईंना त्याचा चेहरा समोरून दिसत होता. आधी त्याच्या भुवया वर गेल्या. मग ओठांच्या कडा हलल्या. त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक नव्हतं. तो सुख घोळवत होता, तोंडात गुळाचा खडा धरावा तसा. तिकडून ती "हॅलो? हॅलो?" करत होती, आणि त्याने फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता.

इंदुताईंनी नजर वळवली नाही.

रुपरावने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं. त्याने पायाने खुर्ची ओढली आणि बसला.

"ऐकून राहिलो आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "पेन घे वं. चूक तुझी नाही, माझ्या भागात आहे. सांगतो."